संकेतांक अहवालातच ठरतो: सोलापूर जिल्ह्यातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांचे चालक, विकृतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्याकडे बायोप्सी पाठवणारे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ व दंतशल्यचिकित्सक यांस,

विषय: ऊतिपरीक्षणाच्या अहवालात गाठीची मूळ जागा, बाजू आणि स्वरूप स्पष्ट लिहिण्याबाबत.

सन्माननीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

कर्करोग नोंदणीसाठी आपल्या प्रयोगशाळांचे ऊतिपरीक्षण अहवाल वाचून त्यांतील प्रत्येक गाठीला संकेतांक देणे हे माझे काम आहे. स्लाइड माझ्यापर्यंत येत नाही, आणि आली तरी ती वाचण्याचे शिक्षण मला नाही; माझ्यासमोर असतात ती आपण सही केलेली वाक्ये. उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाला अहवालातली एखादी गोष्ट राहून गेली तरी फारसे अडत नाही, कारण गाठ त्याने स्वतः तपासलेली असते, सीटी स्कॅन त्याच्या टेबलावर असतो आणि शंका आलीच तर तो आपल्याला फोन करतो. नोंदणीला ही सोय नाही. केसपेपर पाहायला मिळाला तर उत्तम, पण खासगी रुग्णालयांतील पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत आपला एक पानी अहवाल हाच आमच्या हाती असलेला एकमेव पुरावा असतो, आणि त्यात जे लिहायचे राहून जाते ते जिल्ह्याच्या आकडेवारीतूनही राहून जाते.

ज्यांचा संकेतांकांच्या पुस्तकाशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्करोगाची नोंदणी जगभर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-ओ’ (गाठींसाठीचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण) या वर्गीकरणानुसार होते. त्याची पहिली आवृत्ती १९७६ मध्ये निघाली, तिसरी २००० मध्ये, आणि तिसऱ्या आवृत्तीची ३.२ ही सुधारणा आता वापरात आहे. प्रत्येक गाठीला त्यात दोन संकेतांक द्यावे लागतात. पहिला जागेचा: ‘सी’ हे अक्षर आणि पुढे तीन अंक, जसे स्तनाच्या वरच्या बाहेरील चतुर्थांशासाठी सी५०.४. दुसरा पेशींच्या प्रकाराचा: चार अंक, मग तिरपी रेघ, आणि रेघेपुढे गाठीची वर्तणूक सांगणारा एक अंक. स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा, म्हणजे त्वचेच्या किंवा अस्तराच्या चपट्या पेशींच्या कर्करोगाचा, संकेतांक ८०७०/३ असतो. त्यातला ३ सांगतो की गाठ घातक आहे आणि जिथे सापडली तिथेच सुरू झाली आहे. त्याच जागी ० आला तर गाठ साधी, १ आला तर अनिश्चित, २ आला तर अजून मूळ थरातच थांबलेली, आणि ६ आला तर दुसरीकडून पसरून आलेली. याच्या पुढे आणखी एक अंक ग्रेडसाठी, म्हणजे पेशी मूळ पेशींपेक्षा किती बदलल्या आहेत हे सांगण्यासाठी, असतो. हे सगळे अंक आपल्या अहवालातील शब्दांवरून येतात. संगणक त्यात भर घालत नाही आणि मलाही भर घालण्याचा अधिकार नाही.

सोलापुरात मला सर्वांत जास्त अडचण तोंडाच्या कर्करोगात येते. मावा, गुटखा, तंबाखू-चुना आणि बायकांमध्ये मिश्री ही आपल्याकडची सवय आपणांस माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. तंबाखूची गोळी जिथे धरली जाते तिथला, म्हणजे गाल आणि हिरडी यांमधल्या खाचेतला कर्करोग सी०६.१ या संकेतांकात जातो. गालाच्या आतल्या अस्तराचा सी०६.० मध्ये, खालच्या हिरडीचा सी०३.१ मध्ये, अक्कलदाढेमागच्या भागाचा सी०६.२ मध्ये आणि जिभेच्या कडेचा सी०२.१ मध्ये. पण तुकड्याच्या बाटलीसोबत आलेल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘चीक’ (गाल) एवढेच असते, अहवालातही तेच उतरते, आणि खाली निदान असते ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’. आता हा गाल आतला की बाहेरचा? बाहेरच्या त्वचेचा असेल तर तो सी४४.३ होतो. काहीच कळत नसेल तर पुस्तकाप्रमाणे तो सी७६.० मध्ये, म्हणजे ‘डोके, चेहरा, मान, अनिश्चित’ या कप्प्यात टाकावा लागतो. ‘जॉ’ (जबडा) असे लिहिले तरी तीच गत. तिथे जबड्याचे हाड सी४१.१ हा आणखी एक फाटा निघतो, जरी स्क्वॅमस कार्सिनोमा सहसा हाडात सुरू होत नाही हे आपण आणि मी दोघेही जाणतो.

याचा परिणाम कागदावरचा वाटतो, पण तसा तो नाही. तोंडाच्या कर्करोगाचा आकडा काढताना सी०० ते सी०६ या संकेतांकांची बेरीज केली जाते, आणि तंबाखूशी संबंधित कर्करोगांच्या यादीत ओठ, जीभ, तोंड, घसा, अन्ननलिका, स्वरयंत्र, फुप्फुस, मूत्राशय असे अवयव धरलेले असतात. सी७६.० त्यात कुठेच नाही. वीस वर्षे मावा खाल्लेला यंत्रमाग कामगार, ज्याच्या गालाचा तुकडा आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि अचूक निदान केले, तो जिल्ह्यातील तंबाखूच्या बळींत मोजलाच जात नाही, कारण ‘गालाचे आतले अस्तर’ हे शब्द कुणी लिहिले नाहीत. गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ पासून आहे. तिचा उपयोग किती झाला हे ज्याला पाहायचे असेल त्याला हाच आकडा लागणार आहे.

दुसरा अवयव गर्भाशय. रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘गर्भपिशवीचा कॅन्सर’ म्हणावे यात काही वावगे नाही, पण तोच मोघमपणा ‘कार्सिनोमा युटेरस’ या रूपात विनंती फॉर्मवर येतो आणि तिथून अहवालाच्या शीर्षकात जातो. गर्भाशयमुख सी५३ आहे, गर्भाशयाचे अंतःस्तर सी५४.१ आहे, आणि ‘युटेरस’ एवढेच लिहिले तर सी५५.९, म्हणजे भाग अनिश्चित. पहिल्या दोन रोगांचे कारण वेगळे, वय वेगळे, प्रतिबंध वेगळा. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तपासणीने तो आधीच पकडता येतो. अंतःस्तराच्या कर्करोगाला ती तपासणी लागू नाही. दोन्ही सी५५.९ मध्ये मिसळले की गर्भाशयमुखाचे प्रमाण खरोखर घटले की नुसते दुसऱ्या कप्प्यात गेले, हे कुणालाच सांगता येत नाही. काढलेल्या संपूर्ण गर्भाशयाच्या नमुन्यात तर गाठ नेमकी कुठे आहे हे ग्रॉस वर्णनात, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेल्या वर्णनात, आपण सेंटिमीटरमध्ये लिहिलेले असते. तो एक शब्द अंतिम निदानाच्या ओळीत आणला की काम झाले.

हे आपल्याच जिल्ह्यात का सांगावे लागावे, याचे मला थोडे वाईट वाटते. भारतातली पहिली लोकसंख्याधारित, म्हणजे ठरावीक भागातल्या सर्व रहिवाशांची, कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभी. पण खेड्यांसाठीची देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये आपल्या बार्शीत, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात उभी राहिली. बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांतील गावोगावी नोंदणीचे कार्यकर्ते गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि दवाखान्यात न पोहोचलेले रुग्ण शोधून काढले. शहरातल्या नोंदण्या रुग्णालयांच्या रजिस्टरवर चालत. रुग्णालयच नसलेल्या गावांत नोंदणी कशी करायची हे बार्शीने दाखवले. पुढे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीने एचपीव्हीची एकच तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी करते हे सिद्ध केले आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत कुणाला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि कोण त्याने दगावले हे नोंदणीतूनच मोजले गेले. ‘युटेरस’ लिहून भागवले असते तर ती चाचणी मोजताच आली नसती.

तिसरी गोष्ट पसरलेल्या रोगाची, आणि इथे विकृतिशास्त्रज्ञ आणि नोंदणी यांची रीत मुळातच निराळी आहे. यकृतातल्या गाठीची सुई तपासणी करून आपण ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) असे निदान देता. आपल्या दृष्टीने ते पूर्ण आहे. माझ्यासाठी ते दोन वेगळ्या रोगांपैकी कोणताही असू शकते: यकृतातच सुरू झालेला, किंवा जठर, मोठे आतडे, स्वादुपिंड, स्तन यांतून तिथे आलेला. नोंदणी गाठ सापडली त्या जागेला संकेतांक देत नाही, रोग सुरू झाला त्या जागेला देते, म्हणून /६ हा अंक प्रयोगशाळेत वापरला जातो पण नोंदणीत जवळजवळ कधीच नाही. मूळ जागा ठाऊक नसेल तर सी८०.९, ‘मूळ जागा अज्ञात’, हा प्रामाणिक संकेतांक उपलब्ध आहे. आपण ‘मेटास्टॅटिक’ (दुसरीकडून पसरलेला) हा शब्द लिहिला नाही तर मात्र ती नोंद सी२२ मध्ये जाते आणि आपल्या भागात यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण उगाच फुगते. मानेच्या लसिकाग्रंथीचेही तेच. ग्रंथीतला स्क्वॅमस कार्सिनोमा हा ग्रंथीचा रोग नव्हे, तो बहुधा तोंडातून किंवा घशातून आलेला असतो, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘टंग अल्सर’ (जिभेवरचा व्रण) असे लिहिले असेल तर ती माहिती आपल्या अहवालात आली की मला मूळ जागा सापडते. निदानाचा आधार म्हणून मूळ गाठीच्या ऊतिपरीक्षणाला ७, पसरलेल्या गाठीच्या ऊतिपरीक्षणाला ६ आणि पेशीपरीक्षणाला ५ असा वेगळा अंक द्यावा लागतो. तोही यावरूनच ठरतो.

‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘पॉसिबिलिटी ऑफ’, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ या संशय सांगणाऱ्या शब्दांविरुद्ध माझी तक्रार नाही. लहान, चिरडलेल्या किंवा कडा जळलेल्या तुकड्यावर खात्रीचे निदान मागणे अन्यायाचे आहे आणि संशय असेल तिथे तो लिहिलाच पाहिजे. अडचण पुढे येते. पुन्हा बायोप्सी होते, किंवा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या पेशींचा प्रकार ओळखण्याच्या खास चाचणीसाठी मुंबई-पुण्याला जातो, तिकडचे उत्तर रुग्णाच्या पिशवीत बसते आणि आपल्या रजिस्टरमध्ये पहिलेच वाक्य राहते. ‘पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नन्ट ट्यूमर’ म्हणून ८०००/३ नोंदवलेली गाठ पुढे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) निघालेली असते; तिचा संकेतांक ९६८०/३ व्हायला हवा होता, आणि त्या अवयवाच्या कर्करोगाच्या व लिम्फोमाच्या आकड्यांत मिळून दोन चुका होतात. पुरवणी अहवाल मूळ बायोप्सी क्रमांकानेच निघावा आणि त्यात ‘हा अहवाल आधीच्या अहवालाऐवजी वाचावा’ असे वाक्य असावे, एवढे केले तरी यातल्या बऱ्याच चुका आपोआप थांबतील.

टेम्प्लेटविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टायपिस्टकडे तयार मजकूर असतो, वेळ वाचतो, कुणी त्याला नावे ठेवू नयेत. परंतु एका प्रयोगशाळेच्या अहवालात ग्रॉस वर्णनात उजवा स्तन, अंतिम निदानात डावा स्तन, असे मी वाचले आहे. आधीच्या रुग्णाचा शब्द पुसायचा राहिला होता. नोंदणीच्या दृष्टीने बाजू चुकली तरी रुग्ण मोजला जातो, पण त्या कागदावर शस्त्रक्रियाही होत असते हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही.

नाव आणि पत्ता हा विकृतिशास्त्राचा विषय नाही, तरीही आमचे निम्मे श्रम त्यातच जातात. एकाच माणसाची पहिली बायोप्सी सोलापुरात, स्लाइडची फेरतपासणी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात, शस्त्रक्रिया बार्शीत किंवा हैदराबादेत, असे तीन अहवाल तीन ठिकाणांहून येतात आणि ते एकाचेच आहेत हे ओळखावे लागते. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे शेजारी राहतात. एकच तेलुगू आडनाव तीन टायपिस्ट तीन तऱ्हांनी लिहितात, आणि विवाहित स्त्रीच्या नावापुढे एका कागदावर वडिलांचे तर दुसऱ्यावर पतीचे नाव असते. पत्त्याच्या जागी फक्त ‘सोलापूर’. तो माणूस अक्कलकोटचा असेल, विजयपूर जिल्ह्यातल्या इंडीचा असेल, किंवा उपचारापुरता बहिणीकडे राहायला आलेला असेल. लोकसंख्याधारित नोंदणी एखाद्या भागात किमान एक वर्ष राहणाऱ्यालाच त्या भागाचा रहिवासी धरते. बाहेरून आलेला रुग्ण आपल्या आकड्यात शिरला तर सोलापूरचे प्रमाण वाढते आणि त्याच्या तालुक्याचे घटते. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव ठळक छापलेले असते आणि रुग्णाच्या तालुक्यासाठी रकानाच नसतो. हे उलट का असावे हे मला कळलेले नाही.

जुन्या बायोप्सीचा क्रमांकही तितकाच महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका अवयवातला, किंवा जोडीच्या अवयवांतला, एकाच प्रकारच्या पेशींचा कर्करोग एकदाच मोजायचा असतो, आणि या कामासाठी ओठ, हिरडी, तोंडाचा तळ, टाळू आणि गाल हे सगळे मिळून एकच जागा धरली जाते. तीन वर्षांपूर्वी गालाचा आणि आज हिरडीचा स्क्वॅमस कार्सिनोमा झालेला रुग्ण नोंदणीत एकच आहे. मागची बायोप्सी झाली होती हे अहवालात नसेल तर मी त्याला दोनदा मोजतो.

काही जण म्हणतील की नोंदणीला फक्त प्रयोगशाळांच्या अहवालांवर विसंबून राहता येणार नाही. ते खरे आहे. एखाद्या नोंदणीत सूक्ष्मदर्शकाने सिद्ध झालेल्या रुग्णांचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के असेल तर जाणकार तिचे कौतुक करत नाहीत, उलट शंका घेतात, कारण बायोप्सी न होताच दगावलेली माणसे तिने शोधलेली नसतात. ती शोधणे, मृत्यूच्या दाखल्यांचा माग काढणे हे आमचे काम आहे आणि ते आम्ही आपल्यावर ढकलत नाही.

आवृत्तीचाही उल्लेख करून ठेवतो. पुस्तक बदलले की रोग न बदलताही आकडा बदलतो. पॉलिसायथेमिया व्हेरा आणि मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम हे रक्ताचे विकार २००० पूर्वी /१ मध्ये होते, तिसऱ्या आवृत्तीत ते /३ झाले. अंडाशयाच्या बॉर्डरलाइन गाठी उलट /३ वरून /१ वर आल्या. अहवालात गाठीचे नाव कोणत्या वर्षीच्या वर्गीकरणानुसार दिले आहे हे एका कोपऱ्यात छापले तर दहा वर्षांनी तो अहवाल वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.

आपली बाजू मला अगदीच ठाऊक नाही असे नाही. फॉर्मेलिनच्या बाटलीत तुकडा येतो, सोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वय आणि ‘फॉर एचपीई’ (ऊतिपरीक्षणासाठी) एवढेच असते, आणि जागा आपण स्वतःच्या मनाने लिहू शकत नाही. लिहूही नये. अशा वेळी ‘पाठवणाऱ्या डॉक्टरांनी जागा कळवलेली नाही’ असे स्पष्ट लिहावे. त्यामुळे किमान मी अंदाज करणार नाही आणि पुढच्या वेळी ते वाक्य वाचून संबंधित डॉक्टर रकाना भरतील. म्हणूनच हे पत्र शल्यचिकित्सकांनाही उद्देशून आहे. फॉर्म वॉर्डबॉयच्या हाती न देता, ज्याने तुकडा काढला त्यानेच जागा आणि बाजू लिहावी. संकेतांक आपण देण्याची गरज नाही. तो देण्यासाठी आम्ही आहोत.

विनंती अशी की जिल्ह्यातील प्रयोगशाळांनी विनंती फॉर्मचा एक समान नमुना ठरवावा: पूर्ण नाव, वय, गाव, तालुका आणि तिथे किती वर्षे राहतात, गाठीची नेमकी जागा व बाजू, हा तुकडा मूळ गाठीचा की पसरलेल्या, आधीची बायोप्सी कुठे व कोणत्या क्रमांकाची. अंतिम निदानाच्या ओळीत अवयव, त्याचा भाग, बाजू, पेशींचा प्रकार, आक्रमण आहे की नाही आणि ग्रेड हे याच क्रमाने यावे. रुग्णाची ओळख पटवणारी माहिती नोंदणीबाहेर जात नाही आणि प्रसिद्ध होतात ते फक्त एकत्रित आकडे, हेही आपल्या कर्मचाऱ्यांना कळवावे, कारण रजिस्टर दाखवताना त्यांना वाटणारी काळजी रास्त आहे.

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाने पुढाकार घेऊन अशी एक बैठक बोलावली तर शहरातील आणि पंढरपूर, अकलूज, बार्शी, सांगोला येथील प्रयोगशाळांना एका टेबलाशी बसता येईल. नमुना फॉर्मचा कच्चा मसुदा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मी तयार केला आहे. तोंड, स्तन आणि गर्भाशय यांसाठी त्यात साधी रेखाचित्रे घातली आहेत, म्हणजे डॉक्टरांना लिहायला वेळ नसेल तर जागेवर फुली मारता येईल. त्यात काय चुकते आहे ते आपणच सांगू शकाल.

कळावे,

आपला नम्र,
एक कर्करोग नोंदणी सहायक,
सोलापूर